चुंबनाआडची धास्ती

मेक्सिकन पियानोवादिका कोन्सुएलो वेलास्केस यांचं ‘बेसामे मूचो’ जगभर चुंबनाचं गाणं म्हणून मिरवतं. माझ्या मते ते मुळात ताटातुटीच्या धास्तीचं गाणं आहे. गाणारी व्यक्ती चुंबन मागते, कारण ही रात्र शेवटची ठरेल अशी भीती तिला आहे. हा सूर बोलेरोच्या घराण्यातलाच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस क्यूबातल्या सांतियागोत गिटारवर रुजलेला हा गानप्रकार मेक्सिकोत आला आणि १९३० साली सुरू झालेल्या ‘एक्सईडब्ल्यू’ रेडिओने तो घरोघरी नेला. त्याचा जीव मात्र हातून निसटणाऱ्या माणसातच अडकलेला राहिला. यावर कुणी म्हणेल, वेलास्केस तर स्वतःच सांगत की गाणं लिहिलं तेव्हा चुंबनाचा अनुभवही त्यांना नव्हता. मग एवढा अर्थ आला कुठून? पण त्या रीतसर शिकलेल्या पियानोवादिका होत्या. या चालीचं मूळ ग्रानादोस या स्पॅनिश संगीतकाराच्या, बुलबुलापाशी मन मोकळं करणाऱ्या तरुणीवरच्या रचनेत शोधलं जातं. व्याकूळता त्यांना संगीतातूनच मिळाली असणार, आणि त्यात कमीपणा कसला?

निव्वळ मादक चालीने गाणं तरलं, हेही मला पटत नाही. जिमी डॉर्सीच्या वाद्यवृंदाची इंग्रजी आवृत्ती अमेरिकेत अव्वल ठरली ती १९४४ साली, असंख्य घरांतली तरुण मुलं आघाडीवर असताना.