सॉकेटच्या पुढचे शंभर फूट

वऱ्हाडातल्या विजेचा इतिहास सांगताना खांब, डीपी आणि मोटारपंप यांचीच मोजदाद होते. 20 जून 1960 ला महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झालं, 1961 मध्ये अकोला जिल्ह्यातल्या पारसला 30 मेगावॅटचा संच सुरू झाला, 1969 मध्ये केंद्राचं ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ आलं. सातपुड्याच्या पायथ्याशी, तेल्हारा तालुक्यात असलेल्या हिवरखेडसारख्या गावांचा विजेशी संबंध याच काळात घट्ट होत गेला. पण भिंतीतल्या सॉकेटपासून सुताराच्या हातातल्या मशीनपर्यंत जाणारी वायर या हिशेबात कधी आलीच नाही. एक्स्टेन्शन वायरीने शॉक बसला, आग लागली की आपण कारागिराच्या निष्काळजीपणाकडे बोट दाखवून मोकळे होतो. मला वाटतं, दोष त्याहून जुना आहे. गावात वीज ज्या रीतीने आली, त्या रीतीतच तो आहे.

पुरावा सरकारी व्याख्येतच सापडतो. 1997 पर्यंत गावाच्या महसुली हद्दीत कुठल्याही कामासाठी वीज वापरली गेली की ते गाव विद्युतीकृत ठरत असे. शिवारातल्या एका विहिरीवर पंप चालला तरी पुरे. मग वस्तीत वीज हवी अशी अट आली, आणि 2004 मध्ये किमान दहा टक्के घरांत ती हवी असं ठरलं. यातल्या एकाही व्याख्येने घरातली वायर किती जाडीची, अर्थिंग आहे की नाही, हे विचारलं नाही. 1956 च्या भारतीय विद्युत नियमांत अर्थिंगची तरतूद होती, पण गाव मोजणाऱ्याला तिच्याशी देणंघेणं नव्हतं. साध्या घराला वीज मिळाली ती दिव्यापुरती, फार तर पंख्यापुरती, आणि वायरिंगही तेवढंच झालं.

हत्यारांचा इतिहास मात्र वेगळ्या वाटेने आला. वाकस, पटाशी, करवत, गिरमिट घेऊन सुतार काम असेल तिथे जाई. वखर, डवरे, तिफन वावरातही दुरुस्त होई. हातात धरायचं विजेचं ड्रिल 1895 मध्ये जर्मनीत फाइन यांच्या कारखान्यात तयार झालं, आणि पिस्तुलासारखा घोडा असलेल्या ड्रिलचं पेटंट 1917 मध्ये अमेरिकेत ब्लॅक अँड डेकरला मिळालं. ही यंत्रं हाताशी पक्कं सॉकेट असलेल्या कारखान्यात वाढली. गावात चौकट अंगणात बसते, टिना छपरावर चढतात, फाटक वावराच्या तोंडाशी जोडलं जातं. हत्यार अजूनही कामाकडेच जातं, आता त्याच्यामागे वीजही न्यावी लागते. ती नेण्यासाठी जे घरात असेल ते वापरलं गेलं: दिव्याची टू-कोअर वायर, मध्ये दोन-तीन जोड, वर चिकटपट्टी, आणि पिन नसेल तर उघडी टोकं सॉकेटात खुपसून काडेपेटीची काडी.

याची किंमत आकड्यांत मांडता येते. 2000 वॅटचं कटर 230 व्होल्टवर सुमारे 8.7 अँपिअर घेतं. 0.75 चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या मऊ वायरचा रोध किलोमीटरला 26 ओहम. शंभर फुटांची, म्हणजे 30 मीटरची वायर असेल तर वीज जाऊन-येऊन 60 मीटर चालते, आणि साधारण 14 व्होल्ट वाटेतच जातात. 1956 च्या नियमांनी पुरवठ्याच्या दाबात सहा टक्के चढउतार माफ केला होता. 230 चे सहा टक्के म्हणजेही 14 व्होल्ट. जेवढी घट कायद्याने पुरवठादाराला ग्राहकाच्या दारापर्यंत माफ केली, तेवढीच ही बारीक वायर एकटी करते. शिवाय तिच्यात 120 वॅटच्या आसपास उष्णता होते. वायर जमिनीवर पसरलेली असेल तर ती उष्णता हवेत जाते; गुंडाळीतच ठेवली तर आतली वेटोळी तापून आवरण मऊ पडतं. 2.5 चौरस मिलिमीटरच्या वायरीत हीच घट चार व्होल्टांवर येते.

यावर पहिला आक्षेप असा की वर्षानुवर्षं टू-कोअरवर कामं झाली, काय बिघडलं? दिव्यावर बिघडलं नाही हे खरं, कारण दिवा अर्धा अँपिअरही घेत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: आजची बरीच ड्रिल मशीनं दुहेरी इन्सुलेशनची असतात, चौकोनात चौकोन अशी खूण त्यांच्यावर असते, त्यांना अर्थिंग लागतच नाही. ते मान्य; पण वायर एका मशीनपुरती राहत नाही. तीच सकाळी ड्रिलला, दुपारी लोखंडी वेल्डिंग मशीनला लागते. म्हणून तिसरी तार हवीच. तीन पिनांच्या प्लगमध्ये अर्थिंगची पिन लांब ठेवली आहे, ती आधी लागावी आणि शेवटी सुटावी यासाठी. ती कापून टाकणं म्हणजे हे संरक्षणच काढून घेणं. त्यात आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगच्या खड्ड्यातला ओलावा जातो, आणि छपरं-फाटकांची घाई पावसाळ्याआधी, नेमकी तेव्हाच असते. खड्ड्यात पाणी घालायला हवं, आणि 30 मिलिअँपिअरची गळती होताच वीज तोडणारी आरसीसीबी बोर्डावर हवी.

बॅटरीची हत्यारं आली, आता वायरच जाईल, असंही म्हटलं जातं. ड्रिलपुरतं ते घडतं आहे. दिवसभर चालणारं कटर आणि वेल्डिंग मशीन अजून वायरीवरच आहेत.

उरतो पैशांचा आक्षेप, आणि तो खरा आहे. आयएसआय खुणेची, तांब्याची, थ्री-कोअर जाड वायर रोजंदारीच्या कारागिराला महाग पडते. दिव्याच्या बेताने वायरिंग झालेलं घर त्याचं नसतं, धोका मात्र तो पत्करतो. तेव्हा घरमालकांनो, कामाची बोलणी करताना मजुरीबरोबर वायरचंही बोला, आणि ती कुणाच्या पैशाने येणार हे मशीन सुरू होण्याआधी ठरवा.