गुंडी, केंद्र आणि भांडार

भुसावळ–नागपूर रेल्वे १८६७ साली वर्ध्यावरून धावू लागली आणि हिंगणघाटचा कापूस गाठी बांधून मुंबई बंदराकडे निघाला. पीक इथलं, कातणारी यंत्रं लँकेशायरची, आणि कापड विकायला पुन्हा इथलाच बाजार. या फेऱ्यात घरोघरचे चरखे माळ्यावर गेले.

ते खाली काढायचं गांधीजींनी ठरवलं, तेव्हा खरी अडचण पुढेच होती. एका घरात निघणार थोडंसं सूत. ते विणकरापर्यंत न्यायचं, कापड धुवायचं, रंगवायचं आणि शहरातलं गिऱ्हाईक गाठायचं, हा खटाटोप एकट्या बाईला कसा झेपावा? म्हणून सप्टेंबर १९२५ मध्ये पाटण्याला अखिल भारत चरखा संघ स्थापन झाला. गांधीजी अध्यक्ष, वर्ध्याचे जमनालाल बजाज खजिनदार, शंकरलाल बँकर मंत्री.

काम वाटून दिलेलं होतं. संघाच्या उत्पत्ती केंद्रात बाई सूत घेऊन यायची. त्याचा अंक, म्हणजे बारीकपणा, आणि मजबुती पाहून मजुरी हातात पडायची आणि पुढच्या कताईसाठी कापूस किंवा पिंजलेल्या कापसाचे पेळू मिळायचे. हिशेब गुंडीचा. चार फुटांची एक तार, अशा ६४० तारांची एक गुंडी. तिथून सूत विणकराकडे, ठाण धुलाई-रंगाईला आणि मग विक्री भांडारात. मुंबईत काळबादेवीचं खादी भांडार विठ्ठलदास जेराजाणींनी नावारूपाला आणलं. खाजगी विक्रेत्याला संघाचं प्रमाणपत्र घ्यावं लागे. कारखानदार आज गोदामं, वाहतूक आणि वितरण एका बाहेरच्या कंपनीकडे सोपवतो. इथे ते सारं हजारो झोपड्यांच्या वतीने एका संघाने अंगावर घेतलं होतं.

या व्यवस्थेमुळे कातणारीला काम मिळालं, ही व्यवस्थेची मोठी कमाई. मजुरी मात्र तुटपुंजी राहिली, कारण खादी स्वस्त ठेवण्याचा ताण शेवटी कातणारीवरच यायचा. वर्ध्याजवळच्या नालवाडीत विनोबा भावे यांनी कताईच्या मजुरीवर स्वतः गुजराण करून पाहिली. १९३५ साली गांधीजींच्या आग्रहावरून संघाने कातणाऱ्यांना निर्वाहापुरती तरी मजुरी देण्याचं धोरण स्वीकारलं. खादी महागली, पण गांधीजींनी ते मान्य केलं.

दुसरी उणीव १९४२ ने दाखवली. छोडो भारत आंदोलनात सरकारने अनेक भांडारांना टाळं ठोकलं, माल जप्त केला, कार्यकर्ते पकडले. सगळे धागे एका संघाच्या हाती असले, की संघाला धरलं म्हणजे खादी थांबते! तुरुंगातून सुटल्यावर १९४४ मध्ये गांधीजींनी सेवाग्रामला श्रीकृष्णदास जाजूंसारख्या सहकाऱ्यांसमोर संघाच्या नवसंस्करणाचा विषय काढला. काम गावोगाव वाटून टाका, लोकांनी आधी स्वतःसाठी कातावं, असं त्यांचं म्हणणं होतं. १९४५ पासून खादीच्या किमतीचा काही भाग सुतात घेण्याचा नियमही आला.

हा विचार शेवटपर्यंत नेऊन पाहिला तो पवनारने. धाम नदीकाठी जमनालालजींच्या बंगल्यात विनोबा १९३८ साली राहायला आले होते. तिथल्या परंधाम आश्रमात १९५० मध्ये त्यांनी कांचनमुक्तीचा प्रयोग मांडला. धान्य, भाजी, कापड आपल्या श्रमातून, पैशाचा आधार सोडून, आणि शेतीही बैलांशिवाय. इथे केंद्र नाही आणि भांडारही नाही. पेळूपासून ठाणापर्यंतचा प्रवास एकाच अंगणात. १२ फेब्रुवारी १९४८ ला धाम नदीत गांधीजींच्या अस्थींचं विसर्जन झालं होतं. दरवर्षी त्या दिवशी भरणाऱ्या मेळ्यात स्वतः कातलेली एक गुंडी अर्पण करायची, अशी सूतांजलीची प्रथा विनोबांनी घातली. गोळा होणारं ते सूत मजुरीचं नव्हतं, देणाऱ्याच्या हातचं होतं.

मार्च १९५१ मध्ये विनोबा शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनासाठी पायी निघाले आणि पुढची वर्षं भूदान चळवळीत गेली. चरखा संघ १९५३ साली सर्व सेवा संघात विलीन झाला. खादीची सरकारी बाजू पुढे खादी व ग्रामोद्योग आयोगाकडे आली आणि कच्च्या मालाच्या टोकाला केंद्रीकरण परतलं. चित्रदुर्ग, सिहोर, कुट्टूर अशा ठिकाणी आयोगाचे मध्यवर्ती पेळू कारखाने उभे राहिले. गावातल्या पिंजणीवर होणारं काम आता तिथे यंत्रावर होतं, आणि देशभरातल्या खादी संस्था आपल्या कातणाऱ्यांसाठी कच्चा माल तिथून मागवतात.