स्वतःच्याच दारूत बुडणारे जंतू, व्हाया नाशिक

शनिवारी वांद्र्याला पंपावर बाइकमध्ये पेट्रोल भरत होतो. हल्ली त्यात २० टक्के इथेनॉल असतं. मागे बसलेल्या मित्राने विचारलं, "इथेनॉलच का रे? ब्युटेनॉल का नाही?" प्रश्न चुकीचा नव्हता. लिटरमागे पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा, ब्युटेनॉलमध्ये २९ आणि इथेनॉलमध्ये फक्त २१. रविवार मग वाचनातच गेला.

गोष्ट सुरू होते पहिल्या महायुद्धात. तोफांच्या कॉर्डाइटसाठी असिटोन लागायचं आणि ब्रिटनला ते पुरत नव्हतं. मँचेस्टरचे रसायनशास्त्रज्ञ हाइम वाइझमन (हेच १९४९ साली इस्रायलचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले!) यांनी मक्याच्या स्टार्चपासून असिटोन करणारा जंतू शोधला: क्लॉस्ट्रिडियम असिटोब्युटिलिकम. इंग्लंड-कॅनडात कारखाने निघाले, आणि चक्क आपल्या नाशिकलाही एक! त्या कामात बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचे गिल्बर्ट फाउलर होते.

गंमत म्हणजे असिटोन एक भाग, तर ब्युटेनॉल दोन भाग निघायचं. तेव्हा ते नकोसं होतं, पुढे गाड्यांच्या रंगासाठी त्याला भाव आला. पण एक अडचण कायम राहिली. टाकीत ब्युटेनॉल सव्वा टक्क्याच्या आसपास गेलं की जंतू थांबतात.

का? हा जंतू आधी आम्लं करतो. आम्ल वाढून जिवावर बेतायला लागलं की तेच आम्ल वापरून ब्युटेनॉल करतो. म्हणजे आगीतून फुफाट्यात! ब्युटेनॉल पेशीच्या स्निग्ध पडद्यात घुसतं. पडदा सैल पडतो, आतबाहेरचा आम्लतेचा फरक टिकत नाही, साखर आत घेणं मंदावतं. आमच्या भाषेत सांगायचं तर स्वतःच्याच लॉग फायलींनी डिस्क भरून बंद पडलेला सर्व्हर.

यीस्टचं तसं नाही. ते इथेनॉल दहा टक्क्यांपर्यंत सहज सोसतं. त्यामुळे ऊर्ध्वपातनात खर्च कमी येतो. ब्युटेनॉलच्या टाकीत मात्र शंभरातले अठ्ठ्याण्णव भाग पाणीच. ते वेगळं करण्यातच इंधन जळतं. खनिज तेलापासून ब्युटेनॉल स्वस्तात मिळू लागल्यावर १९५०-६० च्या दशकांत बहुतेक कारखाने बंद पडले.

आता टाकीतून वायू सोडून ब्युटेनॉल तयार होताहोताच काढून घेतात, किंवा विष बाहेर फेकणारे पंप जंतूंच्या पडद्यात बसवून बघतात. थोडक्यात, डिस्क मोठी करण्यापेक्षा लॉग वेळेवर हलवा!

असो. मित्राला एवढंच सांगितलं: पंपावर काय मिळणार हे ऊर्जेच्या आकड्यावर ठरत नाही, एका जंतूच्या सहनशक्तीवर ठरतं.