दूरपल्ल्याच्या प्रवाशाचा लाउंज : रचनेचे विवेचन

विमानतळावरील तपासण्या आटोपल्यापासून विमानात चढेपर्यंतच्या, तसेच विमानातून उतरल्यानंतरच्या काळासाठी राखलेला स्वतंत्र कक्ष, असा ‘लाउंज’ या संज्ञेचा अर्थ येथे घेतला आहे. ‘दूरपल्ल्याचा प्रवासी’ म्हणजे सहा तासांहून अधिक काळ सलग उड्डाण करणारा. ‘सोय’ म्हणजे शरीरावर आधी पडलेला भार उतरणे व पुढे पडणारा भार सुसह्य होणे. चैनीचा समावेश या व्याख्येत नाही.

लाउंजमधील प्रवाशाचे तीन प्रकार संभवतात : प्रस्थान करणारा, विमान बदलणारा आणि उतरलेला. तिसऱ्याला स्नान व चहा पुरतो. दुसरा थकलेला असतो, हे सर्वमान्य आहे. पहिला मात्र घरून ताजातवाना आला, असे गृहीत धरले जाते. पुण्यातील खराडी या उपनगराचे उदाहरण या गृहीतकाला बाधक आहे.

खराडीपासून लोहगावचा विमानतळ जवळच आहे. परंतु तो वायुदलाचा तळ असून तेथील धावपट्टी 2,535 मीटरची आहे. पूर्ण भरलेल्या मोठ्या विमानांना ती अपुरी पडते. म्हणून खराडीच्या ईऑन आयटी पार्कमधील अभियंता अमेरिकेला निघतो तो बहुधा मुंबईमार्गे. उड्डाण मध्यरात्रीनंतरचे, तीन तास आधी हजेरी, मध्ये सुमारे 160 किलोमीटरचा रस्ता. टॅक्सीत तो चार-पाच तास बसलेला असतो.

या बसण्याला वैद्यकीय अर्थ आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार चार तास वा अधिक प्रवासात एकाच जागी बसून राहिल्यास शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका सुमारे दुपटीने वाढतो. वाहन मोटार असो वा विमान. मूळ धोका अल्पच आहे. तरीही दोन दीर्घ बैठकांच्या मध्ये तिसरी बैठक योजणे अशास्त्रीय ठरते. आणि बहुतेक लाउंज म्हणजे खुर्च्यांचे कोठार असते.

यावरून गरजांचा क्रम ठरतो : 1. चालणे, 2. स्नान, 3. आडवे होणे, 4. आहार.

चालण्यासाठी भिंतीलगत अखंड, निर्वेध वाट हवी. स्नानगृहाचा ओला व कोरडा भाग उंबरठ्याने विभागलेला असावा. कोरड्या भागात बॅग पूर्ण उघडता येईल एवढा कट्टा आणि पासपोर्टच्या पिशवीसाठी वेगळी खुंटी हवी. पाण्यात उभे राहून एका पायावर विजार चढवण्याची कसरत ही रचनाकाराची चूक आहे, प्रवाशाची नव्हे. निजण्याच्या दालनात प्रकाश मंद व पिवळसर असावा. मुंबई विमानतळावर सरसकट उद्घोषणा होत नाहीत. त्यामुळे उड्डाणांचा फलक आडव्या माणसालाही दिसला पाहिजे आणि उठवण्याची वेळ नोंदवून घेणारा कर्मचारी हवा. एरवी झोप लागत नाही, ती केवळ विमान चुकण्याच्या धास्तीने.

आहाराचे कारण भौतिक आहे. उड्डाणात केबिनमधील दाब सुमारे 1,800 ते 2,400 मीटर उंचीवरील हवेइतका असतो. दाब घटला की पोटातील वायू प्रसरण पावतो. रात्री एकला छोले-भटुरे मांडणे म्हणूनच अयोग्य. मुगाची खिचडी व भरपूर पाणी योग्य. (फुकट म्हणून चौथा गुलाबजाम घेणाऱ्यापुढे कोणतेही शास्त्र हतबल आहे.)

नवी मुंबई विमानतळावरून 25 डिसेंबर 2025 पासून वाहतूक सुरू झाली. तेथून दूरपल्ल्याची उड्डाणे निघू लागल्यास खराडीकरांचा रस्ता कमी होईल, पण टॅक्सीतले बसणे टळणार नाही. तेथील लाउंजच्या आराखड्यातही प्रवासी बसून आलेला आहे, हेच गृहीत धरावे लागेल.