इंडिया पेल एल

इंडिया पेल एल (संक्षेप: आयपीए) हा हॉप या वेलीच्या फुलांचा सढळ वापर करून बनवलेल्या, सोनेरी ते तांबूस रंगाच्या, कडवट व सुवासिक बिअरचा एक प्रकार आहे. तिच्यातील मद्यार्काचे प्रमाण साधारणतः ५ ते ७.५ टक्के असते. नावात ‘इंडिया’ असले तरी हा प्रकार भारतात नव्हे, तर इंग्लंडमध्ये घडला. ब्रिटन, अमेरिका इत्यादी देशांत ही बिअर घरी बनवण्याचा छंद लोकप्रिय आहे. महाराष्ट्रात मात्र परवान्याशिवाय ती बनवणे हा गुन्हा आहे.

इतिहास

अठराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांचे कप्तान मुंबई, मद्रास व कलकत्ता येथील युरोपीय वसाहतींसाठी बिअर आणत असत. लंडनजवळील बो येथील हॉजसन यांचा कारखाना कंपनीच्या गोदीपासून जवळ होता आणि तो कप्तानांना दीर्घ मुदतीची उधारी देई. त्यामुळे या व्यापारात त्याचा वरचष्मा राहिला. पुढे १८२० च्या दशकात बर्टन-ऑन-ट्रेंट येथील ऑलसॉप व बास हे कारखाने या व्यापारात उतरले. ‘ईस्ट इंडिया पेल एल’ हे नाव १८२९ मध्ये सिडनीतील एका वृत्तपत्राच्या जाहिरातीत आढळते.

लांबच्या सागरी प्रवासात बिअर टिकावी म्हणून हॉजसनने हा प्रकार मुद्दाम शोधून काढला, अशी आख्यायिका प्रचलित आहे. परंतु तिला आधार नाही. उष्ण प्रदेशांकडे जाणाऱ्या बिअरमध्ये अधिक हॉप घालण्याची पद्धत आधीपासूनच ज्ञात होती. शिवाय त्याच काळात पोर्टर ही काळसर बिअरही मोठ्या प्रमाणावर भारतात येत होती व तीही प्रवासात टिकत होती.

विसाव्या शतकात मागे पडलेला हा प्रकार १९७० च्या दशकापासून अमेरिकेतील लहान मद्यनिर्मात्यांनी कॅस्केडसारख्या सुवासिक हॉपच्या वाणांच्या साहाय्याने पुन्हा प्रचारात आणला.

घटक

धान्य: मुख्य धान्य सातू (जव) हे होय. सातू भिजवून, मोड आणून व भट्टीत वाळवून माल्ट तयार करतात. मोड येताना दाण्यात अमायलेज ही विकरे तयार होतात व तीच पुढे पिष्टाचे साखरेत रूपांतर करतात. २० लिटर बिअरसाठी सुमारे ५ किलो फिकट माल्ट व रंग-चवीसाठी २०० ते ३०० ग्रॅम क्रिस्टल माल्ट लागते.

हॉप: हॉप ही भांगेच्या कुलातील वेल असून तिचे शास्त्रीय नाव ह्युम्युलस ल्युप्युलस असे आहे. तिच्या मादी फुलांतील पिवळ्या ग्रंथींमध्ये ल्युप्युलिन असते. त्यातील आल्फा आम्लांमुळे कडवटपणा, तर सुगंधी तेलांमुळे वास येतो. हॉपमुळे काही जीवाणूंची वाढही रोखली जाते. २० लिटरसाठी १०० ते १५० ग्रॅम हॉप वापरतात.

पाणी: बर्टनच्या पाण्यात जिप्समचे प्रमाण अधिक आहे. त्यातील सल्फेटमुळे हॉपचा कडवटपणा स्वच्छ व ठळक लागतो. म्हणून अन्यत्र पाण्यात जिप्सम मिसळण्याची प्रथा पडली.

यीस्ट: एलसाठी सॅकरोमायसेस सेरेव्हिसी ही प्रजाती वापरतात. पाव फुगवणारे यीस्टही याच प्रजातीचे असते. वाण मात्र वेगळे असतात.

निर्मिती

१. भरडलेले माल्ट ६५ ते ६८ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात सुमारे एक तास ठेवतात. यास मॅशिंग म्हणतात. तापमान कमी ठेवल्यास बिअर पातळ व कोरडी, तर अधिक ठेवल्यास दाट लागते.

२. गोड अर्क गाळून घेतात व उरलेल्या चोथ्यावर गरम पाणी ओतून त्यातील साखर धुवून काढतात. या अर्कास वर्ट म्हणतात.

३. वर्ट सुमारे एक तास उकळतात. सुरुवातीला घातलेल्या हॉपमधील आल्फा आम्लांचे रूप उकळताना बदलते व कडवटपणा अर्कात उतरतो. मात्र सुगंधी तेले वाफेबरोबर उडून जातात. म्हणून वासासाठीचे हॉप शेवटच्या दहा मिनिटांत किंवा आच बंद केल्यावर घालतात.

४. वर्ट शक्य तितक्या लवकर २० अंशांपर्यंत थंड करतात. उकळी संपल्यानंतर त्याच्या संपर्कात येणारे प्रत्येक भांडे, नळी व झाकण निर्जंतुक असावे लागते.

किण्वन

थंड केलेल्या वर्टमध्ये हवा खेळवून यीस्ट घालतात. २० लिटरसाठी सुमारे ११ ग्रॅम कोरडे यीस्ट पुरते. बारा ते चोवीस तासांत पृष्ठभागावर फेस येतो. यीस्ट साखरेपासून मद्यार्क व कार्बन डायऑक्साइड तयार करते. वायू बाहेर जावा पण हवा आत येऊ नये, यासाठी झाकणावर पाण्याची वायुकोंडी बसवतात.

बहुतेक एल यीस्टला १८ ते २२ अंश तापमान मानवते. किण्वनातून उष्णता निर्माण होत असल्याने पात्रातील तापमान खोलीपेक्षा काही अंशांनी अधिक असते. ते फार वाढल्यास उग्र, द्रावकासारखा वास येतो व तो पुढे जात नाही. मुख्य किण्वन पाच ते सात दिवसांत आटोपते. त्यानंतर काही निर्माते तीन ते पाच दिवस कोरडे हॉप थेट बिअरमध्ये घालून ठेवतात. त्यामुळे कडवटपणा फारसा न वाढता सुवास वाढतो.

किण्वन संपले की नाही हे घनतामापकाने ठरवतात. आरंभीची सापेक्ष घनता १.०५६ ते १.०७० असते व ती १.००८ ते १.०१४ पर्यंत उतरते. लागोपाठ दोन-तीन दिवस मोजमाप स्थिर राहिल्यावरच बाटल्या भरतात. साखर शिल्लक असताना भरलेल्या बाटल्या दाब वाढून फुटू शकतात. प्रकाशामुळे हॉपमधील घटकांचे विघटन होऊन दुर्गंध येतो, म्हणून तपकिरी बाटल्या वापरतात.

मराठवाड्यातील स्थिती

या बिअरला लागणारे धान्य, हॉप व हवामान यांपैकी काहीही मराठवाड्यात सहज लाभत नाही. हॉपच्या वेलीला थंड हिवाळा व उन्हाळ्यातील लांब दिवस लागतात. भारतात तिची लागवड हिमाचल प्रदेशातील लाहौल खोऱ्यात झाली आहे. बीड जिल्ह्यातील गेवराई परिसरात उन्हाळ्यातील तापमान ४० अंशांपलीकडे जाते. त्यामुळे शीतकरणाविना एलचे किण्वन तेथे बिघडते. दख्खनच्या बेसाल्ट खडकातील विहिरींचे पाणी अनेक ठिकाणी कठीण असते व त्यातील बायकार्बोनेटमुळे मॅशिंगमध्ये अडथळा येतो.

येथील प्रमुख धान्य ज्वारी आहे. आफ्रिकेत ज्वारीच्या माल्टपासून बिअर बनवण्याची जुनी परंपरा आहे. मात्र ज्वारीतील पिष्ट सातूपेक्षा अधिक तापमानाला शिजते व तिच्या माल्टमध्ये बीटा-अमायलेज हे विकर कमी असते. तिच्या मोडांत धुरिन हे सायनाइड मुक्त करणारे द्रव्य असल्याने मोड वाळवून काढून टाकणे आवश्यक असते. मराठवाड्यातील घरोघरी परिचित असलेली ज्वारीची आंबील हीदेखील आंबवलेली असते. परंतु तिच्यातील आंबटपणा मुख्यतः लॅक्टिक आम्ल तयार करणाऱ्या जीवाणूंमुळे येतो.

पाणी हा येथील सर्वांत संवेदनशील प्रश्न आहे. २० लिटर बिअरसाठी सुमारे ३० लिटर पाणी मॅशिंग व उकळण्यातच लागते; थंड करणे व धुणे यांचे पाणी वेगळे. छत्रपती संभाजीनगरजवळील वाळूज औद्योगिक वसाहत हे बिअर उत्पादनाचे मोठे केंद्र असून या भागाला जायकवाडी प्रकल्पाचे पाणी मिळते. त्याच प्रकल्पाच्या उजव्या कालव्यावर गेवराई तालुक्यातील शेती अवलंबून आहे. २०१६ च्या दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्य व बिअर कारखान्यांच्या पाणीपुरवठ्यात मोठी कपात करण्याचा आदेश दिला होता.

कायदा व आरोग्य

मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ (आता महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम) याच्या कलम १२ अन्वये परवान्याशिवाय मद्य तयार करण्यास व बाळगण्यास मनाई आहे. बिअरही मद्याच्या व्याख्येत येते व घरगुती वापरासाठी बनवलेल्या बिअरला वेगळी सूट नाही. परवानाधारक लहान मद्यनिर्मितीगृहांना राज्यात परवानगी असून पुण्यात २००९ मध्ये डूलाली हे असे पहिले निर्मितीगृह सुरू झाले. याउलट ब्रिटनमध्ये १९६३ पासून घरगुती बिअरला परवाना लागत नाही. अमेरिकेत संघराज्य स्तरावर १९७८ च्या कायद्याने मुभा मिळाली.

धान्याच्या किण्वनातून घातक प्रमाणात मिथेनॉल तयार होत नाही. विषारी दारूच्या दुर्घटना बहुधा औद्योगिक मिथेनॉलच्या भेसळीमुळे घडतात. जून २०१५ मध्ये मुंबईतील मालवणी येथे अशाच दारूमुळे शंभरहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. तथापि, मिथेनॉल नसले म्हणून बिअर निरुपद्रवी ठरत नाही. तिच्यातील इथेनॉलमुळेही व्यसन जडते, यकृताचे विकार होतात व कर्करोगाचा धोका वाढतो.