ओसरीवरचा इतिहास आणि चुलीपुढचा

मुलाखतीला जाताना आपण प्रश्नावली नीट तयार करतो. पण बसणार कुठे, हे ठरवतो का? मी ठरवलं नव्हतं.

परळी वैजनाथजवळच्या एका गावात १९७२ च्या दुष्काळाबद्दल विचारत होते. ओसरीवर चार-पाच पुरुष होते. पाऊस, जनावरं, पुढारी, सगळं भरभरून सांगत होते. चहा घेऊन आलेल्या आजींना एक प्रश्न विचारला, तर कोणीतरी म्हणालं, "तिला काय इचारता?" आजी हसून आत गेल्या. नंतर मी चुलीपुढं जाऊन बसले तेव्हा कळलं, दुष्काळी कामावर खडी फोडायला त्याच जात होत्या. सुकडी कशी वाटायचे, मिलोची भाकरी कशी थापायची, लेकरू कुठं निजवायचं, सगळं तोंडपाठ! घर तेच, माणसं तीच. जागा बदलली आणि जाणकार बदलला.

आता याच बीड जिल्ह्यातलं दुसरं उदाहरण बघा. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रभरातून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. १९९६ साली माजलगावच्या भीमनगरमध्ये दलित बायकांनी गायलेल्या ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या. त्यांत बाबासाहेब आहेत, बुद्ध आहे, जातीच्या जाचातून बाहेर पडल्याचा अभिमान आहे. म्हणजे हा राजकीय विचारच की! पण सभेत उभं राहून मांडला असता तर त्याला आपण 'भाषण' म्हटलं असतं. जात्यावर मांडला म्हणून ते 'लोकगीत' झालं. ग्रंथालयातही त्याचं कपाट वेगळं. पिठाची गिरणी आली, बायकांचे कष्ट वाचले हे खरंच, पण पहाटे मन मोकळं करायची ती जागाही गेली.

तुम्ही म्हणाल, मग चुलीपुढचंच खरं मानायचं का? तसं नाही. तिथंही सासू बसलेली असली की सून गप्प होते. रेकॉर्डरपुढं म्हटलेली ओवी आणि दळताना सुचलेली ओवी यांतही फरक पडतो. प्रत्येक जागा काही बोलू देते, काही दाबते.

म्हणून एक सवय लावून घ्या. टिपणवहीत उत्तराच्या आधी जागा लिहा: कुठे बसलो, कोण बोललं, कोणाला थांबवलं, चहा करायला कोण उठलं. पुष्कळदा तुमचा पुढचा प्रश्न त्या उठून गेलेल्या माणसाकडेच असतो.