मोटारसायकल ब्रेक कॅलिपरचे नूतनीकरण

मोटारसायकल ब्रेक कॅलिपरचे नूतनीकरण म्हणजे डिस्क ब्रेकचा कॅलिपर गाडीवरून उतरवून, सुटा व स्वच्छ करून, त्यातील झिजलेले रबरी सील, गंजलेले पिस्टन आणि निकामी बोल्ट बदलून तो पुन्हा सुरक्षितपणे जोडण्याची प्रक्रिया होय. कॅलिपरचा धातूचा सांगाडा अनेक वर्षे टिकतो. ब्रेकमधील बिघाड बहुधा सील, पिस्टनचा पृष्ठभाग, सरकत्या पिना आणि बोल्ट या लहान भागांपासून सुरू होतो. त्यामुळे संपूर्ण कॅलिपर बदलण्याऐवजी त्याचे नूतनीकरण करणे पुष्कळदा पुरेसे ठरते. मात्र दिसायला सारखा पण गुणाने वेगळा सील किंवा बोल्ट बसवल्यास ब्रेक जाम होणे, तेल गळणे अथवा कॅलिपर सुटून चाक अडकणे असे गंभीर धोके संभवतात.

पार्श्वभूमी

१९६९ साली आलेल्या होंडा सीबी७५० या गाडीनंतर पुढच्या चाकाचा हायड्रॉलिक डिस्क ब्रेक जगभर रूढ होत गेला. भारतात २००१ साली बाजारात आलेल्या बजाज पल्सरसारख्या गाड्यांमुळे तो सर्वसामान्य चालकांपर्यंत पोहोचला. १ एप्रिल २०१८ पासून नव्या मॉडेलांना आणि १ एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या सर्व नव्या दुचाकींना, १२५ घन सेंटिमीटरपेक्षा अधिक क्षमता असल्यास एबीएस आणि त्याहून कमी क्षमतेस किमान संयुक्त ब्रेक प्रणाली (सीबीएस) बंधनकारक झाली.

महाराष्ट्र हे या भागांच्या निर्मितीचे महत्त्वाचे केंद्र आहे. छत्रपती संभाजीनगरजवळील वाळूज येथे मुख्यालय असलेली एन्ड्युरन्स टेक्नॉलॉजीज ही कंपनी दुचाकींचे डिस्क ब्रेक बनवते. इटलीतील ब्रेंबो कंपनीच्या 'बायब्रे' या लहान व मध्यम गाड्यांसाठीच्या ब्रेकचे उत्पादन पुणे परिसरात होते. चाकण येथे तयार होणाऱ्या केटीएम ड्यूक २०० या गाडीवर २०१२ पासून बायब्रे कॅलिपर बसवले गेले.

रचना व कार्य

ब्रेकचा दांडा दाबल्यावर मास्टर सिलिंडरमधील तेलाचा दाब नळीतून कॅलिपरमध्ये येतो आणि पिस्टन ब्रेक पॅडला डिस्कवर दाबतात. ३० मिलिमीटर व्यासाच्या पिस्टनचे क्षेत्रफळ सुमारे ७ चौरस सेंटिमीटर असते. तेलाचा दाब ५० बार असल्यास असा एक पिस्टन सुमारे ३,५०० न्यूटन, म्हणजे साधारण ३६० किलो वजनाइतका जोर लावतो.

कॅलिपरचे दोन मुख्य प्रकार आहेत. सरकत्या कॅलिपरमध्ये पिस्टन एकाच बाजूस असतात आणि कॅलिपर पिनांवर सरकून दुसऱ्या बाजूचा पॅड ओढून घेतो. स्थिर कॅलिपरमध्ये डिस्कच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर पिस्टन असतात.

पिस्टनभोवतीचा चौकोनी छेदाचा सील केवळ तेल अडवत नाही. ब्रेक लावताना तो किंचित पिळवटतो आणि दाब जाताच मूळ आकारात येऊन पिस्टनला मिलिमीटरच्या काही अंशाने मागे घेतो. कॅलिपरमध्ये पिस्टन मागे ओढणारी स्प्रिंग नसते. म्हणून सील कडक झाला, फुगला किंवा त्याच्या खोबणीत गंज साचला, तर पॅड डिस्कला घासत राहतो.

बिघाडाची कारणे व धाराशिव जिल्ह्यातील परिस्थिती

बालाघाटच्या पठारावरील धाराशिव जिल्ह्यात (पूर्वीचा उस्मानाबाद) उन्हाळ्यात कोरडी धूळ आणि पावसाळ्यात काळ्या मातीचा चिकट चिखल या दोहोंना गाड्यांना तोंड द्यावे लागते. चिखल पिस्टनच्या उघड्या भागावर व सरकत्या पिनांच्या रबरी टोप्यांखाली साचून वाळतो. पॅड झिजल्यामुळे बाहेर आलेला पिस्टन, नवे पॅड बसवताना न पुसता मागे ढकलला गेला, की ही घाण सीलवर जाऊन बसते.

दुसरे कारण उष्णतेचे आहे. तुळजापूरहून सोलापूरकडे घाट उतरताना, विशेषतः दोन माणसे किंवा दुधाचे कॅन लादलेले असताना, ब्रेकचा सतत वापर होतो. नेहमीच्या वापरातील ग्लायकॉलयुक्त ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते आणि त्याचा उत्कलनबिंदू घटतो. प्रमाणानुसार डॉट ३ तेलाचा किमान उत्कलनबिंदू कोरड्या स्थितीत २०५ व ओलावा शोषल्यावर १४० अंश सेल्सिअस, तर डॉट ४ तेलाचा अनुक्रमे २३० व १५५ अंश असतो. जुने तेल उतारावर उकळल्यास नळीत वाफ होते. वाफ दाबली जात असल्याने दांडा मुठीपर्यंत जातो, परंतु ब्रेक लागत नाही. तेलातील पाण्यामुळे पिस्टन व सिलिंडर आतूनही गंजतात.

नूतनीकरणाची पद्धत

प्रथम गाडी स्थिर उभी करून पॅड काढले जातात. नळी जोडलेली असतानाच दांडा हळूहळू दाबून पिस्टन बाहेर आणणे ही सर्वांत सुरक्षित रीत होय. पकडीने पिस्टन ओढल्यास त्यावर ओरखडे पडतात. दाबाची हवा वापरायची असल्यास समोर लाकडी ठोकळा ठेवावा लागतो, कारण सुटलेला पिस्टन बोटे चिरडू शकतो.

सुटे भाग ब्रेक क्लीनरने किंवा ताज्या ब्रेक ऑइलने स्वच्छ केले जातात. गॅरेजमध्ये सर्रास वापरले जाणारे पेट्रोल, डिझेल, रॉकेल आणि साधे ग्रीस येथे वर्ज्य आहे. ग्लायकॉल तेलासाठी वापरले जाणारे ईपीडीएम रबर खनिज तेलाने फुगते. असे धुतलेले कॅलिपर सुरुवातीस नीट चालतात आणि नंतर जाम होतात. पॅडची धूळ फुंकून उडवू नये, ओल्या फडक्याने टिपून घ्यावी, कारण ती श्वासावाटे गेल्यास अपायकारक असते.

सीलच्या खोबणीतील पांढरट थर मऊ पितळी किंवा लाकडी टोकाने खरवडला जातो. पेचकसाने खोबणीला चरा पडल्यास तेथूनच गळती होते. क्रोमचा थर उखडलेला किंवा खड्डे पडलेला पिस्टन पॉलिश पेपरने घासून पुन्हा न वापरता बदलला जातो. नवे सील ताज्या ब्रेक ऑइलने ओले करून बसवतात. पिनांना मात्र उत्पादकाने सांगितलेले सिलिकॉन किंवा रबरास अनुकूल ग्रीस लावले जाते.

जोडणीनंतर निपलमधून सर्व हवा काढली जाते. एबीएस असलेल्या काही गाड्यांत नियंत्रक भागात अडकलेली हवा काढण्यासाठी निदान यंत्राची गरज पडते. शेवटी दांडा काही काळ दाबून धरून गळती तपासतात, चाक मोकळे फिरते का हे पाहतात आणि मोकळ्या जागी कमी वेगात ब्रेकची चाचणी घेतात. ब्रेक ऑइल रंग खराब करते, म्हणून सांडलेले तेल लगेच पाण्याने धुतात.

बोल्टची निवड

कॅलिपर फोर्कला धरून ठेवणाऱ्या बोल्टचे मुख्य काम ताणातून दोन्ही पृष्ठभाग घट्ट आवळणे हे आहे. ब्रेकचा जोर प्रामुख्याने या आवळलेल्या पृष्ठभागांच्या घर्षणातून फोर्ककडे जातो. ताण कमी असल्यास जोड हलू लागतो आणि वारंवारच्या झटक्यांनी बोल्ट थकून तुटू शकतो.

बोल्टच्या डोक्यावरील अंक त्याची ताकद सांगतात. ८.८ मधील पहिला अंक सुमारे ८०० मेगापास्कल ताणक्षमता, तर दुसरा अंक तिच्या ८० टक्क्यांवर धातू कायमचा ताणला जाऊ लागतो, हे दर्शवतो. १.२५ मिलिमीटर अंतराचे आटे असलेल्या एम८ बोल्टचे परिणामी क्षेत्रफळ ३६.६ चौरस मिलिमीटर असते. त्यानुसार ८.८ वर्गाचा बोल्ट सुमारे २१ किलोन्यूटन आणि १०.९ वर्गाचा सुमारे ३० किलोन्यूटन भार कायमची लांबी न वाढता पेलतो. चकचकीत दिसणारा ए२-७० वर्गाचा स्टेनलेस बोल्ट सुमारे १६ किलोन्यूटनलाच ताणला जाऊ लागतो. शिवाय ओलाव्यात स्टेनलेस व ॲल्युमिनियम एकत्र आल्यास ॲल्युमिनियम गंजते आणि आटे धरतात. म्हणून 'न गंजणारा' बोल्ट येथे आपोआप योग्य ठरत नाही.

सर्वांत कठीण बोल्टही नेहमी चांगला नसतो. १२.९ वर्गाच्या बोल्टला विद्युत मुलामा देताना पोलादात शिरलेल्या हायड्रोजनमुळे तो ठिसूळ होऊन अचानक तुटू शकतो. डोक्यावर वर्ग व उत्पादकाचे चिन्ह नसलेले, वजनावर मिळणारे सुटे बोल्ट ब्रेकसाठी वापरू नयेत.

व्यास, आट्यांमधील अंतर, लांबी व डोक्याचा आकार मूळ बोल्टशी जुळणे आवश्यक असते. एम१० व्यासात १.०, १.२५ आणि १.५ मिलिमीटर अंतराचे आटे आढळतात. नळी जोडणाऱ्या पोकळ बँजो बोल्टमध्ये जपानी धाटणीच्या कॅलिपरला सहसा १.२५, तर ब्रेंबो धाटणीच्या कॅलिपरला १.० अंतर लागते. चुकीचा बोल्ट जोराने फिरवल्यास ॲल्युमिनियममधील आटे मरतात. बँजो बोल्टच्या दोन्ही बाजूंचे तांब्याचे किंवा ॲल्युमिनियमचे वॉशर दर वेळी नवे घालतात.

ॲल्युमिनियममध्ये बोल्ट व्यासाच्या किमान दीडपट, म्हणजे एम८ साठी सुमारे १२ मिलिमीटर, आत जाणे इष्ट मानले जाते. बोल्ट फार लांब असल्यास तो छिद्राच्या तळाशी टेकतो. पान्याला तो घट्ट लागतो, पण कॅलिपर मात्र आवळला जात नाही. मेलेल्या आट्यांत हेलिकॉइल बसवून दुरुस्ती करता येते. छिद्रात कापड, पत्रा किंवा गोंद भरणे धोक्याचे असते.

बोल्ट टॉर्क पान्याने, गाडीच्या पुस्तिकेतील मूल्यानुसारच आवळला जातो. आट्यांना तेल किंवा ग्रीस लावल्यास घर्षण घटते आणि त्याच टॉर्कला बोल्टवर अधिक ताण येतो. त्यामुळे पुस्तिकेत सांगितले असेल तेथेच वंगण अथवा आटे पकडून ठेवणारा द्राव लावतात. एकदाच वापरायचे म्हणून नमूद केलेले बोल्ट पुन्हा बसवले जात नाहीत.

नूतनीकरणाच्या मर्यादा

कॅलिपरच्या सांगाड्यास तडा गेला असल्यास, सीलची खोबणी गंजाने खाल्ली असल्यास किंवा सिलिंडरच्या आतील पृष्ठभागावर खोल चरे असल्यास कॅलिपर बदलणे हाच उपाय उरतो. तडा वेल्डिंगने बुजवणे असुरक्षित असते, कारण उष्णतेमुळे ॲल्युमिनियमची ताकद घटते आणि सिलिंडरचा आकार बिघडतो. स्थिर कॅलिपरचे दोन अर्धे भाग जोडणारे बोल्ट उत्पादकाने परवानगी दिली असेल तरच उघडले जातात.

हे सुद्धा पहा

डिस्क ब्रेक
एबीएस
ब्रेक ऑइल
धाराशिव जिल्हा